लेव्हलची नळी

त्या दिवशी सकाळी दादा शेडवर गेला. इंजिन चालू असताना विमानाच्या पंख्यानं त्याला मारलं. दुपारी लातूरच्या दवाखान्यात तो वारला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लातूर जिल्हा नवा झाला होता आणि सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. चाकूरच्या अलीकडे एका व्यापाऱ्यानं माळावर मुरूम दाबून धावपट्टी केली होती आणि पत्र्याच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान ठेवलं होतं. दादा आधी जीप आणि ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्याचा हात पाहून मालकानं त्याला विमानावर घेतलं.

लोकांचा त्या विमानावर संशय होता. आभाळ भरून आलं की ते वर जातं आणि ढग पळवून लावतं, असं बाजारात बोललं जायचं. दादा एसटीची वाट बघत उभा राहिला की कुणीतरी विचारायचंच, "काय मिस्तरी, आज किती ढग हाकलले?"

"दोन हाकलले, एक खिशात हाय. देऊ का?" दादा म्हणायचा. लोक हसायचे, पण एसटीत त्याच्या शेजारी बसायचे नाहीत.

तो गेल्यावर मालकानं पंचनाम्यात जबाब दिला. मिस्तरीला इंजिनाची ओढ मोजायला बाहेरून मागवलेले गेज दिले होते, ते सोडून तो गवंड्याची नळी लावून बसायचा, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे गेला. लिहून घेणाऱ्यानं गवंडी हा शब्द गाळला आणि निष्काळजीपणा ठेवला, असं तिथं असलेल्या एकानं सांगितलं. आमचे वडील गवंडी होते. मालकानं तो शब्द कोणत्या सुरात उच्चारला असेल, हे मला न ऐकताही कळलं.

जलदानाच्या विधीला आलेली माणसं परत गेल्यावर आईनं मला विचारलं, "माझं लेकरू बेपर्वा होतं का रं? तू शिकलेला हायस, तू सांग."

मी चाकूरच्या शाळेत मास्तर होतो. शोधून सांगतो, एवढंच तिला म्हणालो. मनात मात्र मालकाला पकडायचं ठरवून टाकलं होतं.

कामाची थोडी माहिती मला होती. विमानाच्या इंजिनाला दोन कार्बुरेटर होते, डाव्या सिलिंडरांना एक आणि उजव्या सिलिंडरांना एक. दोन्हींची हवेची ओढ सारखी नसेल तर इंजिन थरथरतं, आणि वर आभाळात ती थरथर चांगली नसते. दादा आधी इंजिन बंद ठेवून बघायचा. दोन्ही बाजूंच्या झडपेची खिटी टेकते तिथं, तिच्याखाली विडीच्या बंडलाचा कागद धरायचा आणि मला झडपा उघडणारी वायर हळूच ओढायला लावायचा. दोन्ही कागद एकाच क्षणी सुटले पाहिजेत. "पुस्तक वाचून नाही कळत हे, मास्तर. बोटाला कळतं," असं तो म्हणायचा. मग इंजिन गरम करून चालू ठेवायचं, दोन्ही बाजूंच्या हवेच्या वाटेला नळ्या जोडायच्या आणि दोन गेजांचे काटे सारखे होईपर्यंत वायरचा स्क्रू फिरवायचा. रीतीचं काम ते. दादा मात्र गेजांऐवजी वडिलांची लेव्हलची पारदर्शक नळी वापरायचा. भिंतीची दोन टोकं एका पातळीत आणायला गवंडी जी पाण्यानं भरतात, तीच. पाण्याऐवजी तो तिच्यात तेल भरायचा, म्हणजे चुकून ओढलं गेलं तरी इंजिनाचं नुकसान नको. नळीचं एकेक टोक एकेका बाजूला जोडलेलं. तेल दोन्हीकडे एका उंचीवर थांबलं की जुळलं.

दहा-बारा दिवसांनी मी शेडवर गेलो. मालक नव्हते. विमान चालवणारे कॅप्टन होते, नांदेडकडचे, उतारवयाचे. दादाचे कपडे न्यायला आलो, असं त्यांना सांगितलं आणि मग गेज बघू का, असं विचारलं.

"कामून? तुमचा काय संशय हाय?"

"दादा उगीच गेज टाकून देणारा नव्हता."

त्यांनी पेटी काढून दिली. फवारणी पंपाचा तीन तोंडांचा जोड मी बरोबर नेला होता. दोन्ही गेज त्याला जोडले आणि तिसऱ्या तोंडातून हवा ओढून धरली. ओढ एकच, तरी एका गेजचा काटा दुसऱ्यापेक्षा दोन रेघा पुढे गेला. पुन्हा केलं. पुन्हा दोन रेघा.

"बघा," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "या गेजांवर काटे जुळवले असते तर इंजिन बिघडलं असतं. ही त्याची बेपर्वाई?"

कॅप्टननी गेज सोडवून पेटीत ठेवले. "ते मला म्हायती हाय," ते म्हणाले. "मिस्तरीनं मला दाखवलं होतं. मालकालाही सांगितलं होतं. त्याची नळी खरी होती. म्हणून तर मी बिनघोर उडायचो."

"मग पंचनाम्यात हे का नाही सांगितलं?"

"नळी खरी होती, मास्तर, पण आखूड होती. आधी ती पार मागं माझ्या सीटपर्यंत यायची. तो तिथं बसून बघायचा, पंख्यापासून लांब. त्या आठवड्यात ती तोकडी झाली. मग तो इंजिनाशेजारी उभा राहिला. मी म्हणलं, राहू द्या आज. तो म्हणला, रविवारी लातूरहून नवी आणतो, आजचं भागवून घेऊ."

मी कपडे घेतले आणि निघालो.

ती नळी मी कापली होती. टँकर आला की आमचा ड्रम भरायचा आणि आईला वाकून तांब्यानं पाणी काढावं लागायचं. नळीनं ओढून घागर भरता येईल, म्हणून दादाच्या पिशवीतून मी तीन हात तुकडा कापून घेतला. विचारलं नाही. दादानं संध्याकाळी नळी उलगडून पाहिली, ड्रमकडे पाहिलं आणि आईला म्हणाला, "आपल्या घरात लई शिकलेला उंदीर झालाय." आई हसली. मीही हसलो होतो.

घरी आल्यावर आईला सांगितलं की दादा बेपर्वा नव्हता, मालकाचे गेज खोटे होते. ते खरं होतं. तिनं ते सगळ्या गल्लीत सांगितलं. मालकावर अर्ज कर, असं लोक मला म्हणाले. आज करतो, उद्या करतो, असं मी म्हणत राहिलो. अर्ज केला असता तर कॅप्टनची साक्ष झाली असती आणि नळी आखूड कशी झाली, हे कुणीतरी विचारलंच असतं.

पुढं पाऊस झाला. विमान मालकानं विकलं आणि धावपट्टीवर आता सोयाबीन असतं. आई तिचं उत्तर घेऊन गेली. पंचनाम्यात दादाच्या नावापुढे निष्काळजीपणा हा शब्द अजून तसाच आहे.