सावली बैलांची

मुंबईत शिकून, आर्किटेक्ट होऊन मी निजामाच्या मुलखात परतलो, तेव्हा आमच्या केदारखेड्यात माझ्या धंद्याला नाव नव्हतं. गवंडी म्हणावं तर माझे हात स्वच्छ, इंजिनीयर म्हणावं तर माझ्या हातून एक पूल झालेला नाही. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला होता. कोणी विचारलं की सांगायचे, "रेघा ओढतो." ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मामांनी माझ्यासाठी भोकरदनला गिरदावराची जागा जवळपास पक्की करून आणली होती. गिरदावर म्हणजे शेतं-पिकं तपासत फिरणारा, पटवाऱ्यांवरचा अंमलदार. तो गावात आला की बाजेवर नवी सतरंजी पडायची, आणि दादांना डोळे मिटले तरी ती सतरंजी दिसत होती. मला मात्र हैदराबादेहून बोलावणं आलं होतं, जुन्या इमारतींचा इतिहास शिकवायला. दादांच्या कानावर ते घातलं होतं, पण त्यांचं मन मोडून जायची माझी छाती नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या बांधावर उभं राहायचं, या विचारानं जेवण जात नव्हतं.

तेवढ्या दिवसांत हाताला काही काम असावं म्हणून मी जुन्या जालन्यातली एक सराय मोजायला घेतली. बादशाही काळात वाटसरूंच्या मुक्कामासाठी बांधलेली. मध्ये मोठं अंगण, पूर्वेला बारीक खोल्यांची रांग, पश्चिमेला उंच भिंतीला लागून लांब ओवरी. एका दुपारी दादा जिनिंगच्या कारखान्यात कापूस घालून, रिकामी गाडी घेऊन मला न्यायला तिथेच आले. घरी पोचलो की नोकरीसाठी मामांबरोबर तहसिलीतल्या पेशकाराकडे जायचं ठरलं होतं.

"आटप जल्दी. काय करून राह्यला या पडक्यात?"

"मोजून राह्यलो, दादा. एकच बाजू बाकी हाय."

बैल उन्हानं तापले होते. कुरकुरत दादांनी ते सोडले आणि सरळ ओवरीत नेले, कारण सावली तिथेच होती. भिंतीतून पुढे काढलेल्या दगडाला आरपार भोक पाडून दावं बांधायची सोय केलेली होती. त्यांनी त्यातून दावं ओवलं. माझा सोबती त्या दिवशी आला नव्हता, म्हणून मी भीत भीत टेपचं टोक त्यांच्या हाती दिलं. आम्ही पूर्वेच्या खोल्या मोजायला लागलो. ऊन थेट दारांवर आलं होतं. दादांनी उपरण्यानं मान पुसली.

"या खोल्या कोणाच्या?"

"वाटसरूंच्या."

"अन् ती सावलीतली ओवरी?"

"जनावरांची."

दादांनी माझ्याकडे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल त्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं होतं, मग मीही थांबलो नाही. तांडे दिवस कलताना पोचायचे. ऊन तेव्हा पश्चिमेकडून येतं. म्हणून पश्चिमेची भिंत उंच धरली, आणि तिच्या सावलीत ओवरी काढली.

"म्हंजी माणूस उन्हात अन् बैल सावलीत?"

"ओझं तर बैलानं ओढलेलं असतं. माणूस गाडीत बसून आल्ता."

"बराबर हाय," दादा म्हणाले. मग भिंतीकडे बघत, "हे कुठं लिहिलंय?"

"कुठंच न्हाई. भिंती मोजल्या तवा उमगलं."

ते ओवरीत गेले. दावी घासून घासून दगडाच्या भोकाची कड गुळगुळीत झाली होती. तिच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि परत येऊन टेपचं टोक स्वतःच उचललं.

"आता कुठं धरू?"

काम उरकून आम्ही निघालो. वाटेत एक मुक्काम झाला, पण नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मलाही धीर झाला नाही. पेशकारापुढे कसं उभं राहायचं याचाच विचार मी करत होतो. सकाळी घरी पोचलो तर मामा पटका बांधून तयार.

"चला, उशीर झाला."

"पोरगं न्हाई येत," दादा जू उतरवता उतरवता म्हणाले.

"का?"

"हैदराबादेत काम हाय त्याला."

"असं कसलं काम?"

दादांनी मामांकडे अशा तोऱ्यात पाहिलं, जणू मी गिरदावराचाही साहेब झालो होतो.

"बैल कुठं बांधावा, ते शिकवणार हाय पोरांना."

मामांना माझी कीव आली असावी. मी एरवी असल्या वाक्यावर उसळलो असतो. त्या दिवशी मी पुढे होऊन दादांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"पाया काय पडून राह्यला," ते म्हणाले. "जा, बैलांना पाणी दाखव."