अकरा विहिरी आणि शेवटचं पान

शाळा सुटून तीन वर्षं झाली, पण आमच्या प्रोजेक्टांचे किस्से काही सुटत नाहीत. हिंगणघाटच्या स्टँडवर मी आणि विक्की एस.टी.ची वाट बघत उभे असलो, की एक जण नुसतं "कव्हर" म्हणतो आणि दुसरा हसायला लागतो. एक किस्सा काढला की मागून चार येतात. हसून झालं की त्या किश्शांचं पुढे काय झालं, ते आठवतं. तो भाग आम्ही सहसा कुणाला सांगत नाही.

आमची शाळा अल्लीपूरची. विज्ञानाला ढोले सर. सरांचा नियम असा, की चांगला प्रोजेक्ट कपाटात ठेवायचा आणि पुढे कुणाला काही सुचलं नाही, तर नमुना म्हणून तोच द्यायचा. प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर मथळा ठरलेला : 'या प्रकल्पामुळे मला कोण व्हावेसे वाटते?' ते पान कोरं सोडलं तर दोन मार्क कट!

* * *

विक्की आळशांचा राजा. त्यानं कपाटातला 'कापसावरची कीड' उचलला, वर नवं खाकी कव्हर चढवलं आणि जमा केला. सरांना वही जाड लागली. कव्हर काढलं, तर खाली दुसरं. ते काढलं, तर खाली तिसरं. सगळ्यात खाली नाव निघालं विक्कीच्या आईचं!

"अबे, हा तं तुह्या मायनं केला होता!"

"मंग काय झालं सर? घरचाच आहे."

आईला दहापैकी आठ मिळाले होते. विक्कीला सहा!

शेवटच्या पानावर आईनं लिहिलं होतं, 'मला कृषी अधिकारी व्हावेसे वाटते.' विक्कीनं घरी जाऊन सांगितलं, तेव्हा ती निंदणाला निघाली होती. "काहीबी लिहो आम्ही तवा," म्हणाली आणि विळा घेऊन गेली.

* * *

नववीत 'करिअर मुलाखत' नावाचा प्रकार आला. माझ्या बेंचवरची आकांक्षा मुलाखत घ्यायला सेवाग्रामला गेली. तिची मावशी तिथे नर्स आहे.

"तुम्हाला या क्षेत्राची प्रेरणा कोणी दिली?" आकांक्षानं वहीतला प्रश्न वाचला.

"तुह्या आजोबानं. म्हणे नर्सिंग कर, नाई तं लग्न कर!"

आकांक्षानं जसंच्या तसं उतरवलं. सरांनी लाल पेनानं काट मारली आणि वर लिहिलं, 'सेवाभाव'. वर्ग किती हसला होता! बारावीनंतर तिच्या बाबांनीही तिला हेच दोन पर्याय दिले. नर्सिंगला नंबर लागला नाही. आता ती गिरडकडे सासरी असते.

* * *

आता माझा. गावातल्या अकरा विहिरी, आणि दर रविवारी दोरीला दगड बांधून पाणी किती खाली गेलं ते मोजायचं. तिसऱ्याच रविवारी शेजारच्या काकू धावत आईकडे गेल्या.

"वो बाई, तुमची प्रणाली हरेक विहिरीत वाकून पाहून राह्यली! घरी काई बोलले का तिले?"

आई अनवाणी पळत आली. आधी थापड, मग प्रश्न. "काऊन वं? काय कमी केलं आम्ही तुले?"

"आई, प्रोजेक्ट आहे!"

पुढे वर्षभर दर रविवारी आई सोबत आली. दोरी तिच्या हातात, वही माझ्या.

* * *

ती वही वर्ध्याच्या प्रदर्शनात गेली. परीक्षक माझ्या तक्त्यासमोर थांबले.

"यात काही फिरत नाही का?"

"नाही सर."

"लाइट वगैरे?"

"नाही सर. विहिरी आहेत."

पहिला नंबर थर्मोकोलच्या ज्वालामुखीला. वर्धा जिल्ह्यात!

परतीच्या बसमध्ये मी रडत होते. ढोले सर म्हणाले, "रडू नको पोरी. तू भूजलशास्त्रज्ञ होशीन. नाई झाली तं माहं नाव बदलून टाकजो!" तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. वही कपाटात जमा करण्याआधी शेवटच्या पानावर तोच लिहिला, हिरव्या स्केचपेननं.

त्या विषयाचं शिक्षण नागपूरला. बाबा म्हणाले, "पाण्याचं शिकाले नागपूरले जाते का कोणी? विहीर आहे ना घरी!" मी भांडले. दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी जेवले.

आता हिंगणघाटला बी.ए. करते आणि दुपारी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून शाळेतल्या पोरांचे प्रोजेक्ट लिहून देते. अक्षर चांगलं आहे ना! प्रोजेक्टमुळे करिअर घडतं म्हणतात, ते अगदीच खोटं नाही. वाईट वाटतं, खूप वाटतं. पण गिऱ्हाईक समोर उभं असतं.

* * *

मागच्या आठवड्यात आमच्याच शाळेच्या युनिफॉर्ममधली एक मुलगी दुकानात आली. नमुन्याची वही समोर ठेवली.

"ताई, हे सगळं नव्या वहीत उतरून द्या. उद्या जमा कराचं आहे."

कव्हर खाकी, नवंकोरं. मी उघडलं. अकरा विहिरी. आकडे माझ्या अक्षरात. चौथ्या पानावर ओल्या दोरीचा डाग.

"विहिरी तू मोजल्या का?"

"नाई. आता कोण मोजते? नळ आहे ना!"

मी लिहायला घेतलं. शेवटचं पान आलं तशी ती म्हणाली, "ते नका उतरू ताई. ढोले सरनं सांगतलं, बाकी सगळं घेजो, तेवढं पान बदलजो."

"काऊन?"

"सर म्हणे, ते कोणाले खरं वाटत नाई."

मी पेन धरून बसले. "मंग काय लिहू?"

बाहेर अल्लीपूरची बस लागली होती. तिनं दप्तर खांद्यावर घेतलं.

"काहीबी लिहा ना ताई. तुम्ही जे झाल्या, तेच लिहून टाका."