सावित्रीबाईंचं शेवटचं पान

कापूस वेचून आलं की कपड्यांवर कुठे ना कुठे धागा राहतोच. मी शिकवते त्या तिसरीच्या वर्गातले किस्से तसेच. घरी जाऊन झटकावं म्हटलं, तर आईला सांगताना आणखी दोन सापडतात!

अमडापूरजवळच्या आमच्या शाळेत खिचडी झाली की पोरं सतरंजीवर आडवी होतात आणि मी सावित्रीबाईंचं चरित्र वाचते. रोज एकच पान. डोळे मिटून ऐकायचं, हा नियम पोरांनीच केला.

मोठ्या सरांना हे बघवेना. त्यांच्या मते चरित्र म्हणजे जन्म, मृत्यू, कार्य. पाठ करा, मोकळे व्हा. वर्गात वऱ्हाडी बोललेलंही त्यांना चालत नाही. शुक्रवारपर्यंत पुस्तक संपवा, नाहीतर हा तास बंद, त्या वेळात पाढे घ्या, असं त्यांनी बजावलं. या मोठ्या माणसांना सगळ्याचा शेवट करायची कसली घाई असते, कोण जाणे!

अंगावर चिखल-शेण फेकतात म्हणून सावित्रीबाई जास्तीचं लुगडं सोबत ठेवायच्या, ते पान वाचलं. दुसऱ्या दिवशी रेवतीनं दप्तरातून आईची साडी काढून माझ्या टेबलावर ठेवली.
"असू द्या मॅडम. आपले सर लय चिडून राह्यले तुमच्यावर."

गौतमच्या तर स्वप्नातच बाई आल्या. फाट्यावर एसटीतून उतरल्या, शाळेची वाट विचारली.
"मंग तू काय सांगितलं?" मी विचारलं.
"म्या म्हटलं, आधी खिचडी खा. निजल्यावर मॅडम तुमचंच वाचतात."

मग शुक्रवार आला. एकच पान उरलंय, हे पोरांनाही दिसत होतं. सर खुर्ची टाकून बसले. प्लेगची साथ, आजारी पोराला पाठीवर घेऊन निघालेल्या बाई... ओळीवर बोट ठेवून मी थांबले.

"द्या इकडे," म्हणत सरांनी पुस्तक घेतलं आणि खड्या आवाजात वाचू लागले. दोन-तीन ओळींनंतर आवाज उतरला, मग थांबलाच. पंखा गरगरत होता. पोरांचे डोळे मिटलेले.

रेवतीनं डोळे न उघडताच विचारलं, "सर, पोचल्या का बाई दवाखान्यात?"

सरांनी चष्मा काढला. उरलेल्या ओळींकडे बघत राहिले. मग पुस्तक हळूच मिटलं.

"चालून राह्यल्या अजून," ते म्हणाले. "निजा तुम्ही."