मल्लाप्पाची गाठ

सातारा स्टँडवर गाडीत बसलो तेव्हाच मी टोपी कपाळावर ओढून घेतली होती. शाळामास्तर माणूस, आणि निघालो होतो कुठं, तर जतला शिंदी प्यायला! शेजारी गणपा हवालदार ऐसपैस बसला होता. आम्ही दोघं कोरेगावला एका बाकावर शिकलो. पुढं तो पलटणीत गेला आणि मी फळ्यापुढं उभा राहिलो. पेन्शनीत आल्यापासून त्याचा एकच धोशा होता, की मल्लाप्पाच्या दुकानातली शिंदी (शिंदीच्या झाडाचा आंबवलेला रस) चाखल्याशिवाय मरायचं नाही.

"अरे, कुणा पालकानं पाहिलं तर?" मी हळूच म्हणालो.

"जतात कोण पालक बसलाय तुझा? भित्यापाठी ब्रह्मराक्षस!" गणपा गाडीभर ऐकू जाईल असा हसला.

कडेगावपर्यंत दोन्ही अंगांना ऊस होता. पुढं हिरवळ विरळ होत गेली आणि कवठेमहांकाळ सोडल्यावर नुसता माळ, बाभळी आणि मेंढरं. दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती, तरी एका फाट्यावर टँकरभोवती घागरींची रांग लागलेली होती. पलीकडच्या सीटवर घोंगडं घेतलेला एक म्हातारा आमचं बोलणं ऐकत होता.

"शिंदी पेणार व्हय? संबाळून पेवा, पाव्हणं," तो म्हणाला. "शीव वलांडली की पल्याडच्या एका वाडीत गेल्या म्हैन्यात पावडर कालवलेली खोटी शिंदी पिऊन दोन गडी गेलं. सकाळी पेलं आन दिस मावळंस्तवर गार."

"ती ओळखायची कशी?" मी विचारलं.

"दवाखान्यावानी वास येतोय म्हणत्यात. आमी न्हाई घेतला बाबा."

जत येईपर्यंत मी दुसरा विचार केला नाही. आता पालकांची भीती परवडली असं वाटू लागलं. रात्री गणपाच्या साडूकडं मुक्काम केला. भाकरी आणि तिखटजाळ मटकीची आमटी होती, पण मी अर्धी भाकरी तशीच सोडली.

सकाळी आठाच्या सुमारास आम्ही दुकानाशी आलो. ओढ्याकाठी शिंदीची झाडं आणि त्यांच्या आडोशाला दगडी भिंतींची, गवतानं शाकारलेली बुटकी खोली. मला वाटलं होतं, शिंदीचं दुकान म्हणजे माशा, शिव्या आणि लोळणारी माणसं. इथं जमीन शेणानं सारवलेली, त्यावर पाण्याचा सडा मारलेला. भिंतीकडेनं बसायला दगडी कट्टे, कोनाड्यात पालथे घातलेले लखलखीत पेले. एका बाजूला ओल्या वाळूत पाच मडकी गळ्यापर्यंत पुरलेली आणि प्रत्येकाच्या तोंडावर पांढरं फडकं बांधलेलं. खोलीत असा गारवा होता की क्षणभर मी भ्यायचंच विसरलो.

मल्लाप्पा देवाला गेला होता आणि दुकानात दुसरं कुणी नव्हतं. गणपानं साडूकडनं ऐकलेली तिथली रीत मला सांगितली. पहाटे मल्लाप्पाचा गडी इराप्पा झाडावरनं रस उतरवून आणतो. मल्लाप्पा मडकी भरून तोंडं आपल्या हातानं बांधतो. गिऱ्हाईक जमलं की सगळ्यांदेखत गाठी तपासतो, एकेक सोडतो आणि प्रत्येक मडक्यातला पहिला पेला स्वतः पितो. त्याच्या बापापासून हे असंच चालत आलंय. एवढं सांगून गणपा तंबाखू आणायला म्हणून गेला.

मी एकटा उरलो आणि त्या म्हाताऱ्याचं बोलणं डोक्यात घोळू लागलं. मल्लाप्पा आधी पितो खरा, पण परिणाम दिसायचा संध्याकाळी, त्याचं काय? नुसता वास घेऊन बघावा. मी तिसऱ्या मडक्याचं फडकं सोडलं, नाक खुपसलं. आंबूस, गोडसर वास आला. दवाखाना कुठंच नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. बाहेर पावलं वाजली तशी घाईघाईनं गाठ मारली आणि साळसूदासारखा कट्ट्यावर जाऊन बसलो.

नवाच्या आत खोली भरली. धनगर आले, टँकरचा ड्रायव्हर आला, गणपाही परतला. पाठोपाठ मल्लाप्पा आला. सत्तरीचा, सडसडीत, कपाळावर भस्माचे पट्टे. दाराशी इराप्पा खांद्यावर झाडावर चढायचा दोर घेऊन उभा होता. मल्लाप्पा वाकला. पहिलं मडकं, दुसरं. तिसऱ्यावर त्याची बोटं थांबली.

"ही गाठ माजी न्हाई," तो म्हणाला.

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या.

"मी गेल्यावर हितं कोन हुतं, इराप्पा?"

"मीच हुतो, अण्णा. मग झाडांकडं गेलो."

"काल बाजारात त्यो पावडरवाला याच्यासंगं बोलत हुता," ड्रायव्हर उठून म्हणाला. "म्या डोळ्यानं बघितलंय!"

"बोलला. म्या न्हाई म्हणून सांगितलं." इराप्पा मडक्याकडं सरकला. "अण्णा, ह्ये सगळं मडकं मी पितो. मेलो तर मेलो."

दोघा धनगरांनी त्याचा दंड धरला. आता बोलावं, असं मला वाटलं. लगेच दुसरं वाटलं, हेच हात आपल्या मानगुटीवर बसले तर? मास्तर शिंदीच्या दुकानात मार खाऊन आला, हे साताऱ्यात कळलं तर? आणि मनात असंही आलं, की पिऊ दे ना त्याला, शिंदी चांगली आहे, त्याला काही होणार नाही, संध्याकाळी आपोआप खरं ठरेल. असला नीच हिशेब मी केला.

मल्लाप्पा इराप्पाकडं वळला.

"ईस वरसं माज्या झाडांवर चढलास," तो म्हणाला. "दोर ठिव आन जा."

इराप्पानं खांद्यावरचा दोर काढला, गुंडाळून मल्लाप्पाच्या पायाशी ठेवला. त्याच्या छातीवर दोराचा काळा वळ होता. तो पाहिला आणि मी उठलो.

"गाठ मी सोडली," मी म्हणालो. "वास बघायला. भीती वाटली म्हणून."

मला कुणीही मारलं नाही. धनगरांनी इराप्पाचा दंड सोडला आणि ड्रायव्हर खाली बघत राहिला. गणपानं तोंड फिरवलं, ते मला मारापेक्षा लागलं. मल्लाप्पानं तिसरं मडकं वाळूतनं उपसलं, दाराबाहेर नेऊन ओतून दिलं.

"अहो, चांगली आहे ती!" मी म्हणालो.

"आसंल, पाव्हणं. पर गाठ माजी न्हाई." मग तो दोर उचलून त्यानं इराप्पापुढं धरला. "घे बाबा. चुकलं माजं."

इराप्पानं हात पुढं केला नाही.

"पाव्हण्याला भ्या वाटलं, त्येनं वास घेतला. त्येचं काय न्हाई," तो म्हणाला. "तुमी मला एकदाबी इचारलं न्हाई, अण्णा, 'तू केलंस का' म्हणून." आणि ओढ्याच्या अंगानं चालू लागला. मल्लाप्पा दोर धरून दारात तसाच उभा राहिला. त्या दिवशी त्यानं उरलेली मडकी सोडलीच नाहीत.

परतीच्या गाडीत गणपा विट्यापर्यंत खिडकीकडं तोंड करून बसला. मग म्हणाला, "दोर खाली ठिवायच्या आदी बोलला असतास, गड्या, तर इराप्पा ऱ्हायला असता." एवढंच. पुढं त्याच्या साडूकडनं कळलं, इराप्पा शीव ओलांडून गेला आणि दुसऱ्या कुणाच्या हातचा रस मल्लाप्पानं घेतला नाही. दसऱ्याच्या आत दुकान बंद झालं.

मी जतला शिंदीच्या दुकानात जाऊन आल्याचं शाळेत कसं कोण जाणे कळलंच. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, प्यायलात का? नाही म्हणालो, ते खरंच होतं. त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. मोहाच्या जागी जाऊनही निग्रह ढळू दिला नाही म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी तेव्हाही काही बोललो नाही.