सशाचं घर धुतलं तेव्हा

आमचा ससा कापूस आठवडाभर शिंकत होता. "पिंजऱ्यातला लघवीचा उग्र वास त्याला सोसत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "पिंजरा नीट धुवा. पण फिनेल वापरू नका."

रविवारी सकाळी माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, कापसाला मांडीवर घेतलं आणि मी गच्चीत पिंजरा धुवायला बसले. जुनं गवत टाकून दिलं. लघवीचे पांढरे डाग व्हिनेगरने सोडवले, साबणाच्या गरम पाण्याने सगळं घासलं, मग भरपूर पाण्याने खळखळून धुतलं आणि पिंजरा उन्हात ठेवला. अण्णा मधूनमधून आत नाक घालून बघत. "अजून येतोय गं वास," म्हणत. दुपारी एकदाचं त्यांचं समाधान झालं.

पिंजरा घरात आणला आणि कोरडं गवत पसरून कापसाला आत सोडलं. कोपऱ्याकोपऱ्यात हनुवटी घासत तो फिरला आणि अचानक धप्पकन कुशीवर पडला. पाय लांब, डोळे अर्धवट मिटलेले.

"गेला गं!" अण्णांचा आवाज फुटला.

मी घाईने त्याच्या पोटावर हात ठेवला. पोट संथ हलत होतं. एक डोळा उघडून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

"अण्णा, झोपलाय तो!"

ससा भित्रा. एरवी तो पळायच्या तयारीत, पाय पोटाशी घेऊन बसल्या बसल्याच डुलकी काढतो. असं अंग टाकून द्यायला किती विश्वास लागत असेल! माणसांनाही कुठे सगळ्याच घरांत अशी झोप लागते?

अण्णांनी डोळे पुसले आणि तिथेच, पिंजऱ्याशेजारी फरशीवर, तेही आडवे झाले.