चाळीस लाद्या

सोमवार, २० जानेवारी २०२५. शाळेचे स्नेहसंमेलन. आमच्या पडवीच्या खोलीत भाड्याने राहणारी करुणा तांबे सवादहाला मैदानात पडली. उजवा गुडघा. दवाखान्यात दीड तास गेला. कलमांना मोहोर बरा आहे.

करुणा अलोऱ्याची. तिचे वडील, राजाराम, तिथल्या वीजप्रकल्पावर पंप चालवीत. वसाहतीचे रस्ते गुळगुळीत, म्हणून पोरगी चाकांच्या बुटांवर हिंडायला शिकली. पुढे काकांकडे मुंबईला शिकताना तिला राज्याच्या आईस हॉकी संघात घेतले. दोन हिवाळे ती लडाखला गोठलेल्या तळ्यावर खेळून आली. पदक मिळाले नाही, पुढचा अर्धा दात मात्र गेला. ती गोलकीपर. रबराची चकती सुसाट आली की तिच्यापुढे अंग टाकायचे, एवढाच तिचा खेळ.

गेली सहा वर्षे ती इथल्या शाळेत तासिकेवर खेळ शिकवत होती. कायम नेमणूक संस्थेच्या अध्यक्षांच्या, रावजीशेठांच्या हातात. मासळीला बर्फ पुरवणारी फॅक्टरीही त्यांचीच.

डिसेंबरात त्यांनी तिला बोलावले. "बाई, तुमचा तो बर्फावरचा खेळ संमेलनात दाखवा. इथल्या लोकांना पण कळू दे."

"सर, इथे बर्फ कुठला?"

"मग माझी फॅक्टरी काय पापड लाटते? चाळीस लाद्या पाठवतो."

"लाद्या जोडून मैदान होत नाही, सर. फटीत बुटाचं पातं अडकतं."

"फटीत चुरा भरू. बांगड्याच्या पेटीत भरतो तसा." मग ते फायलीवर हात ठेवून म्हणाले, "तुमचा कायमचा कागद इथेच आहे. एवढं करा, सही करतो."

तिने माळ्यावरचे बूट काढले, पात्यांचा गंज घासला.

आज गोणपाटांवर लाद्या मांडल्या होत्या. दहापर्यंत उन्हाने त्यांच्या कडा गोल झाल्या, मासळीचा वास सुटला. करुणा चार पावले सरकली. पाचव्याला पाते फटीत गेले. पडायची तिला सवय होती, पण पाय तिथेच अडकून राहिला.

"बाई, बांगडा की सुरमई?" मागून कुणी ओरडले. तिच्याच आठवीच्या वर्गातून मोठा हशा आला.

"बघा, पडली तरी हसतेय!" रावजीशेठ माईकवर म्हणाले. अर्ध्या दातामुळे तिचे विव्हळणे लांबून तसेच दिसते.

चार वाजता त्यांचा फोन आला. "डॉक्टर सहा महिने म्हणतात ना? मग मुलांना पळवणार कोण? आमच्या भावाची शमिका आहे, या जागेवर तिला घेतो. तुम्ही आराम करा."

"सर, खेळायला तुम्हीच सांगितलंत."

"खेळा म्हणून सांगितलं, बाई. पडा म्हणून कोणी सांगितलं?"

संध्याकाळची नोंद: करुणाच्या गुडघ्याला फ्रीजमधला बर्फ संपला. दोन्ही ट्रे भरून ठेवले.