पश्चिमेच्या भिंतीचे मार्क

परभणीच्या मे महिन्यात भर दुपारी घरं बघत हिंडणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो आमच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर नकाशे काढायचा. आम्ही दोघंही भाड्याच्या पत्र्याखाली भाजून निघत होतो, दोघांनाही घर विकत घ्यायचं होतं. माझ्या बायकोला उन्हाळाभर चक्कर यायची, या गृहस्थांची म्हातारी आई दमेकरी. घर गार हवं, एवढीच अट. पण ती अट त्यांच्या हाती लागली आणि माझे तीन उन्हाळे पायपिटीत गेले.

मोरी, अंगण, पाण्याचा नळ यांच्याकडे हे गृहस्थ ढुंकूनही बघत नसत. थेट पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावायचे, आणि दिवस मावळल्यावर मला ओढत नेऊन पुन्हा लावायचे. "दुपारच्याला कोन्ती बी भित खोटं बोलती. गिळलेलं ऊन ती सांजच्याला ओकती." मग भिंतीची जाडी वितीनं मोजणं, वर मातीचं माळवद की सिमेंटचा स्लॅब ते बघणं, आणि शेवटी मालकाकडं उन्हाळ्यातलं लाईटचं बिल मागणं. "पंखा किती फिरतोय ते बिलावर दिसतंय, मालकाच्या तोंडावर न्हाई." एवढं झालं की शंभरपैकी मार्क खडूनं दारामागं लिहून यायचे. वसमत रस्त्यावरच्या एका नव्याकोऱ्या स्लॅबच्या घराला त्यांनी बावीस दिले. दुसऱ्या दिवशी मालक सायकल मारत कचेरीत हजर. मला वाटलं, आता हाणामारी. पण पास व्हायला काय करावं लागेल, हे विचारायला तो बिचारा आला होता. गच्चीला चुना आणि पश्चिमेला कडुलिंबाचं झाड यावर तासभर व्याख्यान झालं, आणि माझं जेवण राहिलं ते राहिलंच.

चौथ्या उन्हाळ्यात जुन्या गावात एक माळवदाचं घर निघालं. सांजेला त्यांनी भिंतीवर हात ठेवला तो काढेचनात. "ब्याऐंशी," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "हे म्या घेतो. आईला हितं दम लागायचा न्हाई." मी आनंदानं हो म्हटलं. मालकानं चहा दिला आणि त्यांना आडनाव विचारलं. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते, आडनावावरून गल्ली ठरायची. आडनाव ऐकून मालक म्हणाला, "भावाला इचारून सांगतो."

आठव्या दिवशी तो माझ्याकडं आला. "तुमी घ्या की. भावाची काई हरकत न्हाई."

मी फार दमलो होतो, असं मी स्वतःला सांगितलं आणि होकार दिला. दुसऱ्या दिवशी कचेरीत मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी नकाशावरून मान वर केली नाही. "घ्या. असं घर पुन्ना घावायचं न्हाई. वहिनीला उनाचा तरास हाय."

घर खरोखर गार आहे. बायकोची चक्कर थांबली. त्यांच्या आईनं ओला पंचा अंगावर घेऊन पत्र्याखाली आणखी दोन उन्हाळे काढले, तिसरा काही निघाला नाही. आईच्या मातीहून परतताना मी म्हणालो, "ते घर मी घ्यायला नको होतं."

ते म्हणाले, "घेतल्याचं काई न्हाई. तुमी न्हाई तर दुसऱ्यानं घेतलं असतं. पर मला का न्हाई म्हन्ला, हे तुमी त्याला एक डाव इचारायचं होतं."

आता विचारायला तो मालकही राहिला नाही.